अकरा मिलीव्होल्टांचा गंधार

तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागतो. तो कोणी छेडलेला नसतो, खर्जाच्या पाचव्या उपस्वरातून उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जाशी त्याचं नातं सवापटीचं आहे. षड्ज २४० कंपनांचा धरला तर हा गंधार ३०० चा. आता तोच षड्ज धरून बाजारातल्या कुठल्याही सिंथेसायझरवर गंधाराची पट्टी दाबा, तो ३०२.४ च्या आसपास लागतो. कारण त्या पट्टीमागे पियानोचं गणित बसलेलं असतं, सप्तकाचे बारा सारखे तुकडे करणारं. एरवी कानाला हे खपून जातं. तंबोऱ्यासमोर बसणाऱ्याला मात्र ते टोचतं.

मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये हे भांडण थेट व्होल्टात मोजता येतं. या वाद्यात एकच बंद पेटी नसते. स्वर निर्माण करणारा ऑसिलेटर वेगळा, तो गाळणारा फिल्टर वेगळा, आवाज कमीजास्त करणारा ॲम्प्लिफायर वेगळा. प्रत्येकाची स्वतंत्र पट्टी, तिलाच मॉड्यूल म्हणतात, आणि पट्ट्यांना जोडणाऱ्या छोट्या तारा वाजवणाऱ्यानेच खोवायच्या. ऑसिलेटरला किती उंच बोलायचं हे व्होल्टेज सांगतं. एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर. त्या हिशेबात पियानोचा गंधार ३३३ मिलीव्होल्टांवर येतो आणि तंबोऱ्यातला ३२२ वर. मधे अकरा मिलीव्होल्टांचं अंतर आहे. व्होल्टेज स्वतः कुठेही तुटलेलं नाही, ते शून्यापासून एकपर्यंत अखंड सरकतं. बारा पायऱ्या त्याच्यावर कोणीतरी नंतर बसवल्या. म्हणूनच मला वाटतं, आपल्याकडच्या माणसाने मॉड्यूल विकत घेण्यापेक्षा स्वतः बांधण्याला छंदापलीकडचं कारण आहे.

हे यंत्र भारतात आलं ते फार लवकर. अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुखला यांनी साठच्या दशकाच्या मध्याला आपापली यंत्रं उभी केली, आणि १९६९ मध्ये मूगचं मॉड्युलर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत लागलंही. संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी ते बसवलं. त्यामागे गीता साराभाईंचा पुढाकार होता. त्या पखवाज शिकलेल्या आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केजला भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या. तिथे १९७२ पर्यंत काम चाललं. त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, आणि पॉल पर्गस या संगीतकाराने शोधून काढल्यावर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग यांनी रोलंडच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. त्यांतल्या टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती, आणि मींड तिथून थोडीफार साधली. दोन्ही ठिकाणी यंत्र मात्र बाहेरून आलेलं, बांधलेलं.

बांधण्याची आपली परंपरा वेगळ्या दिशेने गेली. बंगळूरुच्या राडेलचे जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, आणि आज तो नाही असा संगीतवर्ग सापडणं अवघड. ऐंशीच्या दशकात एलेक्टर या डच मासिकाची भारतीय आवृत्ती मुंबईहून निघायची. याच मासिकाने १९७७ मध्ये फॉर्मंट नावाच्या घरी बांधायच्या सिंथेसायझरचे नकाशे छापायला सुरुवात केली होती. हल्ली मुंबईचीच ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन ही कंपनी गिटारच्या पेडलांसोबत मॉड्यूलंही करते.

पण अकरा मिलीव्होल्टांची खरी पूर्वपीठिका सांगलीत आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेवर श्रुती मोजायला घेतल्या. गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब गात, देवल मोजत. १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक पुण्यात निघालं. अर्नेस्ट क्लेमेंट्स या मुंबई इलाख्यातल्या न्यायाधीशांनी तो धागा उचलला आणि इंग्लंडमधून खास श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली. गायकांनी ती स्वीकारली नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने साध्या हार्मोनियमलाही दार बंद केलं, आणि ते कितीतरी वर्षं बंदच राहिलं. या प्रश्नाला आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा हात घातला. त्यांच्या बावीस श्रुतींच्या संवादिनीत पट्टीमागची खुंटी ओढली की त्याच स्वराची दुसरी श्रुती बोलते.

पेटीत प्रत्येक श्रुतीसाठी पितळेची एक जीभ लागते. ती घासायची, जुळवायची, चुकली तर टाकायची. देवल-क्लेमेंट्सना जे करायला कारखाना लागला, ते आज टेबलावर होतं. त्यासाठी दोन वस्तू पुरतात, अर्डुइनोसारखा छोटा मायक्रोकंट्रोलर आणि एमसीपी ४८२२ ही आठ पायांची आयसी. ही आयसी आकड्याचं व्होल्टेज करते. तिच्यात संदर्भाचं व्होल्टेज आतच असतं, दुप्पट करून घेतलं की एका आकड्याला बरोबर एक मिलीव्होल्ट मिळतो, शून्यापासून ४०९५ पर्यंत. म्हणजे चार सप्तकांहून थोडं जास्त, आणि प्रोग्राममधला प्रत्येक आकडा म्हणजे सरळ मिलीव्होल्ट. पियानोची यादी असते १६७, ३३३, ४१७, ५८३, ७५०, ९१७. ती खोडून १७०, ३२२, ४१५, ५८५, ७३७, ९०७ लिहायची. रिषभ, मध्यम, पंचम जेमतेम हलतात. गंधार, धैवत आणि निषाद खाली उतरतात. तंबोरा लावून पहिल्यांदा ही यादी वाजवाल तेव्हा गंधारावर स्वर तंबोऱ्यात मिसळून जातो, पियानोच्या यादीत जाणवणारं थरथरणं थांबतं. हे ऐकल्यावर बाजारातलं महागडं मॉड्यूल घ्यावंसं वाटत नाही.

इथवर सोपं. अवघड काम ऑसिलेटरमध्ये आहे.

व्होल्टेज सारख्या पायऱ्यांनी वाढतं, कंपनसंख्या दुप्पट दुप्पट होत जाते. या दोहोंचा सांधा ट्रान्झिस्टर जोडतो, कारण त्याच्या बेसवर साधारण अठरा मिलीव्होल्ट वाढले की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. म्हणून आलेल्या एका व्होल्टाला आधी अठरा मिलीव्होल्टांपर्यंत आणावं लागतं. तिथे आपल्या अकरा मिलीव्होल्टांच्या गंधाराचं काय उरतं? मिलीव्होल्टाचा पाचवा भाग. आणि ट्रान्झिस्टर तापला तर त्याचं बेसचं व्होल्टेज अंशामागे दोन मिलीव्होल्ट सरकतं. एका अंशात स्वर अर्ध्या स्वराहून जास्त सरकतो. त्यामुळे एकटा ट्रान्झिस्टर कामाचा नाही. दोन सारखे शोधायचे, एकमेकांना भिडवून चिकटवायचे, आणि एकाची घसरण दुसऱ्याकडून वजा करून घ्यायची.

ही जोडी लावणं हे सगळ्यात चिकाटीचं काम. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, बीसी ५४७ ची पिशवी भरून मिळते. प्रत्येक ट्रान्झिस्टर ब्रेडबोर्डवर खोवायचा, ठरावीक प्रवाह सोडायचा, मीटरवर आकडा लिहून ठेवायचा. यात बोटांचा फार त्रास होतो. बोटाने धरून खोवलेला ट्रान्झिस्टर बोटाच्या उबेने दोन-तीन अंश तापलेला असतो, आणि मीटरवरचा आकडा हळूहळू चढत राहतो. तो स्थिर होईपर्यंत थांबायचं, मगच लिहायचं. चिमट्याने धरलं, पंखा बंद केला तर वेळ वाचतो. मिलीव्होल्टाच्या आतला फरक असलेले दोन निघाले की त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना भिडवून डाग द्यायचा.

इतकं करूनही उष्णता सुटत नाही, आणि इथे भिवंडीचा उन्हाळा आठवतो. दापोडे हे भिवंडी तालुक्यातलं गाव आता गोदामांसाठी ओळखलं जातं. मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोली नाक्याहून आत वळलं की उंच पत्र्याच्या शेडांच्या रांगा लागतात. मुंबईच्या जकात हद्दीबाहेरची स्वस्त जागा म्हणून हा पट्टा वाढला, आणि महाराष्ट्रात कोणी घरबसल्या आयसीचं पुडकं मागवलं तरी त्याच्या वाटेत भिवंडीचं गोदाम असण्याची शक्यता बरीच. अशा पत्र्याखाली वाद्य ठेवलं तर सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक सहज पडतो. जुळवलेल्या जोडीतही त्या दहा अंशांनी सप्तक सुमारे तीन टक्क्यांनी आकसतं. तीन सप्तकं वर गेलात तर अर्ध्या स्वराहून जास्त चूक. सकाळी पाचशे पंच्याऐंशीवर बसवलेला पंचम दुपारी पंचम राहत नाही. जर्मनीतल्या वातानुकूलित खोलीत ठीक चालणारा नकाशा म्हणून इथे तसाच उचलून चालत नाही.

यावर उपाय जुना आहे. तापमान वाढलं की दर अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्क्याने वाढणारा रेझिस्टर मिळतो. तो त्या जोडीच्या पाठीवर थर्मल पेस्टने चिकटवायचा, म्हणजे दोघांना एकच ऊब लागते आणि एकाची घट दुसऱ्याची वाढ भरून काढते. हा रेझिस्टर साध्या रेझिस्टरपेक्षा बराच महाग. पैसे वाचवायचे असतील तर ते पुढच्या पट्टीवरच्या चकचकीत नॉबवर वाचवावेत, याच्यावर कधीही नाही. पावसाळ्यात दुसरं दुखणं निघतं. डाग दिल्यावर पीसीबीवर राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि त्यातून बारीक गळती सुरू होते. स्वर धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरजवळ ती झाली तर स्वर हळूहळू सरकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश यांनी पाठ स्वच्छ केल्याशिवाय मॉड्यूल रॅकमध्ये बसवू नये.

रॅकची मापं ठरलेली आहेत. डीटर डेप्फर यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्याला जी युरोरॅक पद्धत रूढ केली, तिची पट्टी १२८.५ मिलिमीटर उंच, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, वीज अधिक-उणे बारा व्होल्ट. विजेच्या पट्टीतार केबलची लाल कड उणे बाराकडे असते. ती उलटी लागली तर मॉड्यूल जळतं, म्हणून प्रत्येक पट्टीवर दोन डायोड लावून ठेवावेत.

यादी बदलून गंधार मिळाला, ऑसिलेटर उष्णतेला पुरून उरला. तरी बडोद्याच्या गायकांची हरकत संपत नाही, आणि मला ती रास्त वाटते. ३२२ हा शुद्ध गंधाराचा मुक्काम. दरबारीतला कोमल गंधार कुठे राहतो? तो आंदोलित असतो, त्याला एक आकडा लावताच येत नाही. स्वर किती उंच हे देवलांनी मोजलं. स्वरावर कसं जायचं हे पेटीत मावत नव्हतं. मॉड्युलरमध्ये ते मावतं, आणि त्यासाठी मायक्रोकंट्रोलरही लागत नाही.

साधं सरकवणारं मॉड्यूल म्हणजे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. दहा लाख ओहमचा पॉट आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर स्वर सेकंदाच्या हिशेबात सरकतो. पण त्याचं सरकणं मींडेसारखं वाटत नाही. ते झटक्याने निघतं आणि शेवटी रेंगाळतं, गळा असा निघत नाही. असेच दोन टप्पे एकामागे एक लावायचे, मधे टीएल ०७२ या आयसीचा अर्धा भाग, म्हणजे दुसरा टप्पा पहिल्याला ओढत नाही. आता स्वर आधी हळू निघतो, मधे वेग घेतो, मग अलगद बसतो. दोन पॉट स्वतंत्र ठेवले तर निघणं आणि पोचणं यांचा तोल बोटाने बदलता येतो. पुढे त्याच व्होल्टेजमध्ये सेकंदाला चार-पाच वेळा हलणारं दहा-वीस मिलीव्होल्टांचं आंदोलन मिसळलं की कोमल गंधार निदान ओळखीचा वाटू लागतो.

तालाचं मॉड्यूल तर यंत्रमागांच्या भिवंडीत कोणालाही चटकन समजावून देता येईल. यंत्रमागावरच्या डॉबीत लाकडी पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीवर खुंटी असेल त्या वेळी ताण्याचे ठरलेले धागे उचलले जातात, नसेल तेव्हा नाही. सीडी ४०१७ ही आयसी हेच काम करते. चौदाव्या पायाला ठोका दिला की तिचे दहा बाहेरचे पाय एकेक करून जिवंत होतात. दहा म्हणजे झपताल तयारच मिळाला. पहिली मात्रा तिसऱ्या पायावर. टाळी पहिली, तिसरी आणि आठवी, म्हणजे पाय ३, ४ आणि ६. त्या तिघांतून १एन ४१४८ चे तीन डायोड एकत्र आणायचे. खाली सहाव्या मात्रेवर, ती पहिल्या पायावर येते, तिला वेगळा जॅक. रूपक हवा असेल तर आठव्या मात्रेचा सहावा पाय पंधराव्या रिसेटला जोडायचा आणि टाळीचे डायोड रूपकाप्रमाणे नव्याने लावायचे, आवर्तन सातवर परत फिरतं. रूपकाची सम खालीवर असते हे युरोपातल्या कुठल्याही तयार सिक्वेन्सरला ठाऊक नसतं, कारण त्याला ते कोणी विचारलेलंच नसतं. इथे पहिल्या मात्रेची तार खालीच्या जॅकला लावली की झालं. तीनतालासाठी दोन आयसींचा घोळ घालण्यापेक्षा दोनच्या पटीत मोजणारी सीडी ४०२४ बरी. आणि ठेका विलंबित घ्यायचा असेल तर ठोक्याच्या ऑसिलेटरचा कपॅसिटर बदलावा, बावीस मायक्रोफॅरडचा टँटलम चालतो, साधा इलेक्ट्रोलिटिक उन्हाळ्यात लय सोडतो.