लाकडी कुंपणाचा भार लोखंडी खांबांवर

खानदेशात कुंपण म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो शेताच्या बांधावर रोवलेला लोखंडी अँगल आणि त्यावर ताणलेली काटेरी तार. जळगाव आणि धुळे या शहरांच्या नव्या वसाहतींत मात्र कुंपणाचे काम बदलले आहे. घरे एकमेकांना खेटून उभी राहू लागल्याने गुरे अडवण्याऐवजी नजर अडवणे महत्त्वाचे ठरते. त्यातून अंगणाच्या कडेने पाच-सहा फूट उंचीच्या लाकडी फळ्यांचा आडोसा उभारण्याची आवड वाढली. फळ्या सागाच्या घ्याव्यात की अन्य लाकडाच्या, पॉलिश कोणते करावे, याची घरात भरपूर चर्चा होते. खांबांचा निर्णय मात्र बहुधा वेल्डिंगवाल्यावर सोडला जातो आणि कुंपण पडते ते नेमके तिथेच.

खांबही लाकडाचेच का नकोत, हा प्रश्न साहजिक आहे. जुन्या वाड्यांचे सागवानी खांब पिढ्यान्‌पिढ्या टिकले, याचे एक कारण म्हणजे ते जमिनीत पुरलेले नसत. दगडी तळखड्यावर उभे असत. मातीत गाडलेल्या लाकडाला ओल आणि वाळवी या दोन्हींशी झुंजावे लागते. सागाचा पक्का गाभा काही वर्षे दाद देत नाही, पण त्याभोवतीचे पांढरे लाकूड वाळवी सहज फस्त करते. म्हणून फळ्या लाकडाच्या आणि खांब धातूचे, ही विभागणी शहाणपणाची.

येथे शेतातील सवय आड येते. कुंपण म्हणजे अँगल, हे समीकरण पक्के असल्याने फळ्यांच्या कुंपणालाही तोच लावला जातो. काटेरी तारेतून वारा आरपार निघून जातो. सलग फळ्यांचे कुंपण मात्र शिडासारखे वाऱ्यासमोर उभे राहते. मे-जूनच्या वादळी वाऱ्यात रावेर, यावल, चोपडा भागांतील केळीच्या बागा आडव्या झाल्याच्या बातम्या येतात, तोच वारा शहरातील कुंपणावरही आदळतो. दोन खांबांत सहा फुटांचे अंतर आणि सहा फूट उंची धरली, तर ताशी ८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब एका खांबाच्या वाट्याला सुमारे १०० किलो इतका येतो. नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर या शेजारच्या शहरांसाठी भारतीय मानकाने वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला हाच दाब तिपटीच्या आसपास जातो.

आता दोन खांबांची तुलना करावी. ५० मिलिमीटर भुजांचा आणि ६ मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला साधारण साडेचार किलो भरतो. ५० बाय ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइपही जवळपास तेवढाच भरतो. लोखंड विकले जाते किलोवर, त्यामुळे खर्चात मोठा फरक पडत नाही. वाकण्याला होणारा विरोध मात्र पाइपचा दुपटीहून अधिक असतो. शिवाय अँगलला वारा तिरकस लागला की तो पिळवटतो, पाइप सहसा पिळवटत नाही. ८० किलोमीटरच्या वाऱ्यातच असा अँगल कायमचा वाकण्याच्या बेतात येतो. सहा फुटी सलग कुंपणाला ७५ बाय ७५ मिलिमीटरचा पाइप घ्यावा. ५० चाच घ्यायचा असेल तर खांबांतील अंतर चार फुटांवर आणावे किंवा उंची कमी करावी. फळ्यांत बोटभर फट ठेवल्यास दाब काहीसा उतरतो आणि आडोशाला फारशी बाधा येत नाही.

दुकानात जाडी गेजमध्ये सांगितली जाते आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, १० गेज म्हणजे सव्वातीन. फाटक किंवा खिडकीच्या जाळीला चालणारा १६ गेजचा पाइप कुंपणाच्या खांबाला चालत नाही. खातरजमा वजनकाट्यावर होते. ५० बाय ५० चा, ३ मिलिमीटरचा सहा मीटर लांबीचा नग सुमारे २५ किलो भरायला हवा. तो १५ किलोच भरला, तर तो १६ गेजचा आहे असे समजावे.

काळ्या जमिनीचा प्रश्न याहून अवघड आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पहारीने खणलेला खड्डा तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद होतो. त्यात ओतलेले काँक्रीट पाचरीसारखे बसते आणि फुगणारी माती त्याला वर ढकलते. दोन-तीन पावसाळ्यांत खांब कलू लागतो आणि दोष मिस्त्रीला दिला जातो. खड्डा उलट हवा, म्हणजे तळाशी रुंद. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनींसाठी तळाशी घुमट फुगवलेल्या खोल पायाची जी पद्धत विकसित केली, तिचे तत्त्व हेच आहे. कुंपणाला तेवढा खर्च नको. पण मुरूम लागेपर्यंत, नाही तर निदान चार-पाच फूट खोल जावे आणि भोवती काळी माती न लोटता मुरूम ठोकून भरावा. धुळ्याकडे काही ठिकाणी मुरूम किंवा खडक लवकर लागतो. तेथे तीन फूट पुरतात.

खांब गंजतो तो प्रामुख्याने जमिनीच्या रेषेवर, जेथे ओल आणि हवा एकत्र भेटतात. रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग, हा उपाय तेथे तोकडा पडतो, कारण तो भाग पुन्हा रंगवताच येत नाही. पाइप कापून, भोके पाडून, मग वितळलेल्या जस्तात बुडवून घेणे सर्वांत टिकाऊ. बाजारातील तयार जस्तलेपित पाइपचा थर पातळ असतो आणि वेल्डिंगने तोही जळतो. अशा जागी जस्ताचा रंग लावावाच. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर आणि बाहेरच्या बाजूंना उतरता ठेवावा. बागेची माती पुढे त्यावर चढणार नाही, हेही पाहावे. पाइपच्या वरच्या तोंडाला टोपी बसवली नाही, तर पाणी आत साचून खांब आतून सडतो आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसत राहतो.

आधीच तीन फुटांची विटांची भिंत असेल, तर तिच्यावर प्लेट ठोकून खांब उभे करण्याचा मोह होतो. विटेतले बोल्ट वाऱ्यात उपटून येतात; खांब भिंतीतील आरसीसी कॉलमवरच बसवावेत.

फळ्या बसवताना सागातील टॅनिन आणि साधे लोखंड यांच्या संपर्काने लाकडावर काळे ओघळ उमटतात. त्यासाठी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. खानदेशातील उन्हाळा आणि पावसाळा यांत फळी रुंदीला आकसते आणि फुगते, म्हणून तिची भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी असावीत. दहा मीटर लांब आडवी लोखंडी पट्टीही ४० अंशांच्या फरकाने सुमारे पाच मिलिमीटर वाढते. ती सलग न जोडता मध्ये सांधा मोकळा सोडावा.

खांब कापण्यापूर्वी उंचीचा नियमही पाहून घ्यावा. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार आवारभिंतीची उंची साधारणतः दीड मीटरपर्यंत असावी लागते. ती २.४ मीटरपर्यंत नेता येते, पण वरचा ०.९ मीटरचा भाग खुल्या रचनेचा ठेवण्याच्या अटीवर. वारा आणि नियमावली, दोघांचीही मागणी वरच्या भागात फटी ठेवण्याचीच आहे.