रकान्यात न मावणाऱ्या भाषा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांची भाषा कोणती, असे विचारले तर कोणीही 'मराठी' म्हणून मोकळा होईल. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. या तालुक्यांत कैकाडी, वडार आणि पारधी समाजाची घरे आहेत. बाजारात, शाळेत, कचेरीत ही माणसे मराठी बोलतात. घरात मात्र वेगळी भाषा असते. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. जुने खंड चाळत आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलत जे उमगले, ते येथे मांडतो.

२०११च्या जनगणनेचे भाषाविषयक तक्ते पाहिले, तर कैकाडी तमिळच्या पोटात, वडारी तेलुगूच्या आणि पारधी भिलीच्या पोटात नोंदलेली दिसते. कुळाच्या दृष्टीने यात तथ्य आहे. कैकाडी ही द्राविडी भाषा असून येरुकला, कोरवा या बोलींची सख्खी बहीण आहे. वडारी तेलुगूच्या जवळची. पारधी मात्र आर्यकुळातली, गुजराती-भिलीशी नाते सांगणारी. म्हणजे एकाच गावच्या शिवारात दोन भाषाकुळे शेजारी नांदतात. पण रकान्यामुळे घडते असे, की नीरेकाठची टोपल्या विणणारी बाई कागदावर तमिळभाषकांच्या बेरजेत जाते. दहा हजारांहून कमी भाषकांच्या बोलींना तर तेवढाही मान नाही. त्या 'इतर'मध्ये जातात.

लहान भाषेचे पुढे काय होते, हे पाहायला लिव्होनियन भाषेचे उदाहरण उपयोगी आहे. लाटवियाच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या मासेमारांची ही भाषा. फिनिश आणि एस्टोनियन तिच्या बहिणी. एक, दोन, तीनला 'इक्श, काक्श, कुओल्म'. सोव्हिएत काळात तो किनारा सरहद्दीचा बंदिस्त पट्टा झाला, मासेमारी आटली, माणसे पांगली. ही भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या मानल्या गेलेल्या ग्रिझेल्दा क्रिस्तिन्या २०१३मध्ये कॅनडात वारल्या.

भाषा संपली तरी तिची खूण उरली. लाटवियनमध्ये शब्दाच्या पहिल्या अवयवावर आघात येतो. ही लकब लिव्होनियनसारख्या शेजारणींकडून आली, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडेही तसेच आहे. 'आम्ही जातो' म्हटले तर ऐकणारा त्यात नसतो; 'आपण जाऊ' म्हटले की तो आलाच. हिंदीत हा भेद 'हम'मध्ये बुडून जातो. तमिळमध्ये 'नाङ्गळ्' आणि 'नाम्', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' अशा जोड्या आहेत. मराठीतील हा भेद द्राविडी शेजारामुळे रुजला, असे मत आहे. ज्या कुळाच्या भाषेला आपण परकी समजतो, त्या कुळाचे देणे आपण रोज तोंडात वागवतो.

दोन्हीकडच्या नोंदींचा इतिहास मात्र वेगळा आहे. लिव्होनियनचे व्याकरण आणि कोश १८६१मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने छापले. आपल्याकडे ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीने कैकाडी व पारधीची दखल घेतली खरी. पण त्याच सुमारास, १९०८मध्ये, केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यातील 'गुन्हेगार वर्गां'वरचे पुस्तक निघाले. त्यात या समाजांचे शब्द 'सांकेतिक बोली' म्हणून आले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसावर बसलेला शिक्का असा त्याच्या भाषेवरही बसला. कायदा १९५२मध्ये गेला. संशय गेला नाही. चारचौघांत आपली भाषा बोलू नये, हे मुलांना घरातच शिकवले गेले ते यामुळे. भाषा नुसती विसरली जात नाही, ती लपवलीही जाते.

शेजारच्या फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने १९८०मध्ये कैकाडी जगणे मराठी वाचकांपुढे आणले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात भटक्या-विमुक्तांच्या बोलींना जागा मिळाली. पुढचे काम तालुक्यातच करण्यासारखे आहे. नुसत्या शब्दांच्या याद्या पुरत नाहीत. 'आम्ही-आपण'सारखे भेद वाक्यांतच सापडतात. म्हणून म्हाताऱ्यांच्या गोष्टी, ओव्या, भांडणे, हिशेब त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावेत, देवनागरीत उतरवावेत. काय छापायचे आणि काय समाजापुरते ठेवायचे, हे त्यांनी ठरवावे; पोलिसी याद्यांनंतर एवढा हक्क त्यांचा आहेच.

लाटविया विद्यापीठात लिव्होनियन संस्था २०१८मध्ये उभी राहिली, म्हणजे शेवटच्या मातृभाषकानंतर पाच वर्षांनी. तिथले अभ्यासक आज कागद आणि जुन्या ध्वनिफिती घेऊन बसतात. आपल्याकडे अजून आजी आहे, नातू आहे, आणि दोघे एकाच छपराखाली आहेत.