हातातली पाटी – भाग ६ : पस्तीस ऐकलं, त्रेपन्न लिहिलं

तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. तिसरीतली एक मुलगी मांडीवर टॅबलेट घेऊन बसली होती. पडद्यावर गणित होतं, ५२ वजा २७. डावीकडच्या खान्यात दशकाचे पाच दांडे, उजवीकडे दोन सुटे ठोकळे. हेच गणित तिनं आदल्या दिवशी वहीत केलं होतं. सातातून दोन गेले, राहिले पाच. पाचातून दोन गेले, राहिले तीन. उत्तर ३५. मोठ्यातून धाकटा वजा करायचा, मग तो वर असो की खाली, हा नियम तिनं घट्ट धरून ठेवला होता. वहीनं तिला कधी अडवलं नव्हतं. अडवायची ती लाल शाई, आणि तीही दुसऱ्या दिवशी.

पडद्यावर तो नियम चालेना. सात सुटे बाहेर ओढायचे होते, आणि होते दोनच. दोन ओढले. मग तिनं बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. तिनं जरा वेळ काढला, एका दांड्यावर बोट ठेवलं आणि तो उजव्या खान्यात ओढून नेला. दांडा सुटला. दहा ठोकळे खान्यात पसरले, आणि वरच्या आकड्यातला ५ जाऊन तिथे ४ आला.

“बाई, फुटतंय की ह्ये!”

तिचं गणित त्या दिवशी सुटलं की नाही, हे तितकंसं महत्त्वाचं नाही. दशक म्हणजे दहा सुट्यांचा गठ्ठा असतो आणि तो फोडता येतो, हे तिला तिसरीच्या दुसऱ्या सत्रात पहिल्यांदा दिसलं. ‘हातचा’ हा शब्द तिनं शंभरदा ऐकला असेल. पण त्या शब्दातला हात तिला त्या दिवशी सापडला.

मागच्या भागात आपण गणन अक्षमता, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, कशी ओळखायची ते पाहिलं. झेकोस्लोव्हाकियातले मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. लंडनच्या ब्रायन बटरवर्थ यांनी ती तपासण्यासाठी अगदी साधी कसोटी वापरली : पडद्यावर काही ठिपके दाखवायचे आणि किती आहेत ते विचारायचं. तीन-चार ठिपके आपल्याला न मोजताच कळतात. या मुलांना तिथेही एकेक मोजावा लागतो. बुद्धीचा इथे संबंध नाही. संख्या म्हणजे किती, याची जी आतली जाण असते, तीच त्यांच्यात अंधुक असते. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आणि या मुलांना कायद्यात जागा मिळाली. वर्गात ती अजून मिळायची आहे. ‘लक्ष नाही’, ‘आळशी आहे’ हीच दोन प्रमाणपत्रं त्यांना सगळ्यात आधी मिळतात.

या मुलांना टॅबलेटचा खरा उपयोग कुठे होतो, हा आजचा विषय. त्यासाठी आधी आपल्याच भाषेकडे पाहावं लागेल.

मराठी मूल ‘पस्तीस’ ऐकतं. त्यात आधी पाच आहेत, मग तीस. लिहायचं मात्र आधी ३, मग ५. ज्याची संख्येची जाण पक्की आहे, ते मूल ही उलटापालट पहिली-दुसरीत कधी पचवतं ते त्यालाही कळत नाही. ज्याची जाण कच्ची आहे, ते ऐकू येईल त्या क्रमानं लिहितं : ५३. एकोणचाळीस तर याहून अवघड. तोंडानं चाळीस म्हणायचं, हातानं तीन लिहायचा, आणि मनात एक कमी करायचा. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऐकलेली संख्या लिहिताना त्या मुलांच्या ज्या चुका झाल्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी जोडलेल्या होत्या. ही मुलं चांगली धडधाकट, नेहमीच्या शाळेतली.

आता आपल्याच सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात चला. तिथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. कन्नड मूल पस्तीसला ‘मूवत्तैदु’ म्हणतं : मूवत्तु म्हणजे तीस, ऐदु म्हणजे पाच. बोलण्याचा क्रम तोच लिहिण्याचा. एकाच तालुक्यात, शेजारशेजारच्या दोन वर्गांत, एका मुलाला भाषा हात देते आणि दुसऱ्याच्या वाटेत एक उंबरा आडवा घालते. मराठी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्या आजीच्या तोंडून एकोणनव्वद ऐकताना जो नाद कानात भरायचा, तो मला हरवायचा नाही. पण उंबरा आहे, एवढं तरी मान्य केलं पाहिजे.

मंगला नारळीकर यांनी ते मान्य केलं होतं. त्या बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख असताना, २०१९ मध्ये, दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी रीत आली : एकवीसच्या जोडीला वीस एक, पस्तीसच्या जोडीला तीस पाच. केवढा गदारोळ झाला तेव्हा! विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत थट्टा झाली. जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांना आणि उलट्या क्रमाला अडखळणाऱ्या मुलांसाठी ही एक वाट आहे, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. २०२३ च्या जुलैत त्या गेल्या. गणन अक्षमता असलेल्या मुलांबरोबर बसणाऱ्या कुणालाही विचारा, ‘तीस पाच’ ही त्या मुलांच्या हातात दिलेली काठी आहे. चालता येऊ लागलं की मूल ती आपणहून ठेवून देतं.

टॅबलेट इथे कामाला येतो. पडद्यावर ३० ची पट्टी आहे, तिच्या शून्यावर ५ ची पट्टी सरकून बसते, आणि ३५ तयार होतो. त्याच वेळी आवाज येतो : ‘तीस पाच… पस्तीस.’ हा आवाज बाईंचा स्वतःचाच असावा, असं मी आग्रहानं सांगते. टॅबलेटवर आवाज नोंदवणं दोन मिनिटांचं काम आहे, आणि मुलाला ओळखीच्या आवाजात, आपल्या गावच्या हेलात संख्या ऐकू येते. मूल तीच पट्टी वीस वेळा सरकवतं. विसाव्या वेळी कुणी “अजून कळलं नाही?” असं विचारत नाही. माझ्या मते, टॅबलेटचा या मुलांवरचा सगळ्यात मोठा उपकार हाच : तो कंटाळत नाही आणि चारचौघांत लाजवत नाही.

आकड्यांचंही पाहा. सेमी-इंग्रजीच्या वर्गात मूल दोन लिप्यांत वावरतं. आपला ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, आपला १ इंग्रजी नऊसारखा. ज्या मुलाला आकडा आणि संख्या यांची गाठ मुळातच बांधता येत नाही, त्याच्यासाठी हा जाच दुप्पट होतो. म्हणून मुलाची वही ज्या आकड्यांत आहे तेच आकडे पडद्यावर असावेत. ॲप घेताना ही गोष्ट सगळ्यात आधी तपासा. चित्रं किती रंगीत आहेत ते नंतर.

पण टॅबलेटनं सुरुवात करू नका. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं नाव शिक्षकांना सांगायला नको. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं शाळा उभ्या केल्या, आणि दहा वर्षांपूर्वी राज्यभरातून शिक्षक गाड्या करून त्या पाहायला येत होते. फरशीवर आखलेली रेघ, मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे. मूल गठ्ठा स्वतः बांधतं, रबर लावतं, सोडतं. त्या गठ्ठ्याला हातात वजन असतं. काचेवरच्या दांड्याला ते नसतं. आधी काड्या, मग पडदा, मग वही, हा क्रम मोडला तर टॅबलेटवरचे ठोकळे म्हणजे नुसती हलणारी चित्रं होतात. पडदा मधल्या पायरीवर बसतो, आणि तिथे तो जे करतो ते काड्यांना जमत नाही : गठ्ठा फुटतो त्याच क्षणी वरचा आकडाही बदलतो. काड्या सुटल्या तरी पाटीवरचा ५ तसाच राहतो, तो पुसून ४ करायची आठवण मुलालाच ठेवावी लागते. आणि या मुलांची अडचण नेमकी तिथेच असते.

आता ज्याची मला चीड आहे त्याबद्दल. बाजारातली बरीच गणिताची ॲप घड्याळावर चालतात. वर लाल पट्टी सरकत असते, चुकलं की भोंगा वाजतो, जिंकलं की नाणी पडतात. भरभर गणितं करणाऱ्या मुलाला त्यात मजा येते. गणन अक्षमता असलेलं मूल पाच मिनिटांत अंदाजपंचे बोटं मारायला लागतं, कारण विचार करायला वेळच नसतो. घड्याळ बंद करता येत नसेल तर ते ॲप काढून टाका. स्तानिस्लास देहाने आणि ॲना विल्सन यांनी २००६ मध्ये ‘नंबर रेस’ नावाचा खेळ याच मुलांसाठी बनवला. त्यात गणितं मुलाच्या कुवतीप्रमाणे सोपी-अवघड होत जातात, अशा बेतानं की चारांतली साधारण तीन उत्तरं बरोबर यावीत. यश हाती लागतं आणि थोडी धडपडही उरते. पॅरिसमधली त्याची पहिली चाचणी फक्त नऊ मुलांवर झाली होती, त्यामुळे तिच्या निकालावर फार मोठं घर बांधू नये. पण चारांत तीन, हे माप मात्र कुठल्याही शिक्षकानं उचलावं असं आहे.

आफ्रिकेतल्या मलावीत नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या निकोला पिचफर्ड यांनी टॅबलेटवरच्या गणिताचा अभ्यास केला. तिथलं ॲप मुलांच्या चिचेवा भाषेत बोलत होतं. विशेष गरजा असलेली मुलंही त्यावर पुढे सरकली, मात्र इतरांपेक्षा सावकाश. शेजारी मोठं माणूस बसण्याची गरज काही तिथेही संपली नाही.

दुसऱ्या एका मुलाबद्दल सांगायला हवं, नाहीतर गल्लत होईल. द्राक्षाच्या हंगामात हा सातवीतला मुलगा वडिलांबरोबर पेट्या मोजतो. चार किलोची पेटी, टेम्पोत इतक्या पेट्या, किलोला इतका भाव : हिशेब तोंडावर. वर्गात तेच शाब्दिक उदाहरण म्हणून आलं की वही कोरी. या मुलाला डिस्कॅल्क्युलिया नाही. त्याची अडचण वाचनाची आहे, उदाहरण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांवरचा १९८५ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे : विक्री करताना बिनचूक हिशेब करणारी मुलं, तीच गणितं कागदावर आली की चुकत होती. अशा मुलाला दशकाचे दांडे देऊन उपयोग नाही. त्याला उदाहरण वाचून दाखवणारा आवाज द्या. अँड्रॉइडमध्ये मराठी मजकूर वाचणारा आवाज आहे, तो सुरू करा, कानात हेडफोन द्या आणि हवं तितक्या वेळा ऐकू द्या. दोघांनाही आपण ‘गणितात कच्चा’ म्हणतो, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पाचगणीचं नाव इथे आठवतं. ‘तारे जमीन पर’मधली निवासी शाळा शेजारच्या सातारा जिल्ह्यातली, पाचगणीच्या न्यू एरा हायस्कूलमध्ये ते चित्रीकरण झालं. २००७ च्या त्या चित्रपटानं वाचनाची अडचण घराघरात पोचवली. त्यात ३ गुणिले ९ चं एक दृश्य आहे. चित्रपटातला छोटा ईशान तिसरा ग्रह ओढत नेऊन नवव्यावर आदळतो, आणि उत्तर लिहितो ३. लोक त्या कल्पनेवर भाळले, मीही भाळले. पण गणिताच्या अडचणीबद्दल तितकं बोलणं पुढे झालं नाही. ‘मला पण गणित नव्हतं बाबा येत’ म्हणून आपण ती हसण्यावारी नेतो.

टॅबलेटचं व्यवहारातलं थोडं. मी एका शाळेत गेले होते, तिथे मिळालेले टॅबलेट कपाटात होते, खोक्यासकट. फुटले तर भरून कोण देणार, या भीतीनं. मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही, नोंदवहीत त्यांचीच सही असते. पण रबरी कव्हर आणि पडद्याची काच यांची सोय गावातून सहज होते, फक्त कुणीतरी मागायला हवं. सिमकार्ड काढून ठेवा, इंटरनेटशिवाय चालणारं ॲप घ्या. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करण्याची सोय आहे, ती केली की मूल त्या ॲपमधून बाहेर भरकटत नाही. रोज पंधरा मिनिटं, एका वेळी एकच कौशल्य. आणि दोन मुलांत एक टॅबलेट असेल तर ती अडचण समजू नका. एकानं दांडा फोडायचा, दुसऱ्यानं काय झालं ते तोंडानं सांगायचं. सांगता सांगता दुसऱ्यालाही कळत जातं.

दहावीपर्यंत पोचलेल्यांसाठी : प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती आहेत, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सोयही. तपासणीला वेळ लागतो. नववीतच गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षण तज्ज्ञांना गाठा, फेब्रुवारीची वाट पाहू नका.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्या व्हरांड्यात गेले. टॅबलेट दुसऱ्या मुलाकडे होता. मुलगी वहीत गणित करत होती, ४३ वजा १८. अंकांच्या शेजारी तिनं पेन्सिलीनं चार उभ्या रेघा ओढल्या होत्या आणि तीन ठिपके. एक रेघ खोडून तिच्याशेजारी दहा बारके ठिपके काढले होते, दोन ओळींत पाच-पाच. खाली उत्तर, २५.

“ही रेघ का खोडलीस गं?” बाईंनी विचारलं.

“खोडली न्हाई. फोडली.”

(पुढच्या आठवड्यात, भाग ७ : पावकी, निमकी आणि अपूर्णांक)