चित्रपुस्तक आणि पाककृती : बालभाषेच्या विकासाचा एक घरगुती मार्ग

प्रास्ताविक



तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी चित्रपुस्तकाचे वाचन आणि त्याला जोडून केलेली एखादी साधी पाककृती यांचा भाषाविकासाशी काय संबंध आहे, हे आपण या घटकात पाहणार आहोत. आपल्यापैकी अनेकजण स्वतः पालक आहेत. काहीजण अंगणवाडीत किंवा बालवाडीत काम करतात. संपर्क सत्रांत एक शंका वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकू येते : "आमची भाषा शुद्ध नाही, घरात पुस्तके नाहीत, मग मुलाला भाषा आम्ही काय शिकवणार?" या शंकेमुळे कित्येक पालक मुलाशी बोलण्याचे काम शाळेवर सोपवून मोकळे होतात आणि भाषा घडण्याची मोलाची वर्षे निसटून जातात. प्रस्तुत विवेचन हे त्या शंकेचे उत्तर आहे, असे समजून वाचावे.

१. चित्र, वस्तू आणि शब्द

कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाचे 'ऑर्बिस पिक्टस' हे पुस्तक १६५८ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्र आणि त्याशेजारी त्या वस्तूंची नावे, अशी त्याची मांडणी होती. शब्द हा वस्तूच्या आधाराने शिकावा, हा त्यामागील विचार आजही टिकून आहे. मात्र चित्राला एक मर्यादा असते. चित्रातला भोपळा जड लागत नाही, त्याला वास येत नाही आणि तो शिजल्यावर मऊही होत नाही. 'जड', 'मऊ', 'चिकट', 'खमंग' हे शब्द डोळ्यांना समजत नाहीत. ते हाताला, नाकाला आणि जिभेला समजतात.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत ओतणे, पुसणे, अन्न तयार करणे अशा रोजच्या कामांना महत्त्वाचे स्थान मिळाले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने परिसरातील साध्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनवले. चित्रपुस्तक आणि पाककृती यांची जोड याच विचाराच्या वाटेवरची आहे.

२. स्वयंपाकघरातील क्रियापदे

मुलाच्या शब्दसंपत्तीचा विचार करताना आपण बहुधा नामे मोजतो : फळांची नावे, भाज्यांची नावे, रंगांची नावे. वाक्य उभे राहते ते मात्र क्रियापदावर. आणि मराठी स्वयंपाकघर क्रियापदांनी समृद्ध आहे. चिरणे, सोलणे, किसणे, निवडणे, पाखडणे, चाळणे, कुटणे, वाटणे, मळणे, लाटणे, थापणे, परतणे, भाजणे, तळणे, उकडणे, वाफवणे : यातील प्रत्येक शब्दामागे हाताची, साधनाची किंवा उष्णतेची वेगळी क्रिया आहे. पोळी लाटतात आणि भाकरी थापतात. हा भेद पुस्तकातील व्याख्येने समजत नाही, पिठात हात घातला की क्षणात समजतो.

आज 'कट करणे', 'मिक्स करणे', 'फ्राय करणे' असे प्रयोग सर्रास ऐकू येतात. परकीय शब्द भाषेत येणे हा काही दोष नाही. भाषा अशाच वाढतात. पण चिरणे, सोलणे आणि किसणे या तिन्ही क्रियांसाठी मुलाजवळ 'कट करणे' हा एकच शब्द उरला, तर त्याच्या निरीक्षणातील तीन बारकावेही पुसट होतात. हे शब्द ज्यांच्या तोंडी आजही सहज आहेत, ते आपणच आहात. तेव्हा 'आमची भाषा शुद्ध नाही' हे म्हणणे बाजूला ठेवावे. आपल्या भागात लाल भोपळ्याला 'डांगर' म्हणत असतील, घाऱ्यांना 'घारगे' म्हणत असतील, तर मुलाला तोच शब्द आधी द्यावा. पुस्तकातला शब्द त्याच्या शेजारी आपोआप येऊन बसेल आणि एका वस्तूला दोन नावे असू शकतात, हा भाषेचा पहिला धडाही मिळेल.

३. एक नमुना : म्हातारी, भोपळा आणि घाऱ्या

लेकीकडे निघालेल्या म्हातारीची आणि टुणटुण जाणाऱ्या भोपळ्याची लोककथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. तिचे कोणतेही चित्रपुस्तक घ्यावे; ते न मिळाल्यास आपणच चार चित्रे काढावीत. उपक्रमाचे तीन टप्पे करावेत.

पहिला टप्पा : वाचन. पुस्तक मुलाच्या हातात द्यावे, पाने त्याला उलटू द्यावीत. 'हे काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. त्याऐवजी 'म्हातारी का घाबरली असेल?', 'आता वाघ काय करील?' असे विचारावे. परतीच्या वाटेवर म्हातारी भोपळ्यात आहे हे मुलाला माहीत असते, वाघाला नसते. या गुपिताची गंमत मुलाला बोलते करते.

दुसरा टप्पा : कृती. खरा लाल भोपळा समोर ठेवावा. मोठ्यांनी तो चिरावा आणि मुलाला आत पाहू द्यावे. 'म्हातारी कुठे बसली असेल?' असे विचारताच गर, बिया, साल हे शब्द कथेचा भाग होतात. बिया काढण्याचे काम मुलाचे. मोठ्यांनी सोलून किसलेला दोन वाट्या भोपळा थोड्या तुपावर परतून शिजवावा व त्यात एक वाटी चिरलेला गूळ घालावा. गूळ विरघळला की भांडे उतरवावे. मिश्रण पूर्ण गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि मावेल तेवढी कणीक घालून मुलाला मळू द्यावे. तेलाच्या बोटाने छोट्या घाऱ्या थापणे हेही त्याचेच काम. तळणे मात्र मोठ्यांनी करावे.

'मावेल तेवढी' या शब्दप्रयोगाकडे लक्ष द्यावे. वाटीचे माप येथे चालत नाही. पीठ आणखी हवे की नको, हे मळणाऱ्या हातालाच ठरवावे लागते. 'अजून चिकटतंय', 'आता झालं' असे मूल म्हणते, तेव्हा ते निरीक्षण करून निर्णय सांगत असते.

तिसरा टप्पा : कथन. घाऱ्या खाताना किंवा त्यानंतर, घरातील जी व्यक्ती त्या वेळी हजर नव्हती तिला मुलाने सारे सांगावे. ऐकणाऱ्याला काहीच ठाऊक नसल्यामुळे मुलाला क्रम लावून, पूर्ण वाक्यांत बोलावे लागते. पुढे याच कृतीची चार चित्रे काढून, मुलाने सांगितलेले वाक्य प्रत्येक चित्राखाली आपण लिहावे. मुलाने केलेले हे पहिले पुस्तक होय.

४. पाककृतीचे व्याकरण

भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. 'भोपळा किसावा', 'कणीक मळावी', 'पीठ चाळावे' या तीन वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. नियम न सांगताही मूल तो कानाने आत्मसात करते. 'गार झाल्यावर', 'मऊ होईपर्यंत', 'ढवळताना' ही रूपे काळाचा संबंध दाखवतात. गोष्ट समजण्यासाठी नेमकी हीच लागतात. 'भोपळा शिजतो' आणि 'आई भोपळा शिजवते' यांत अकर्मक व प्रयोजक रूपांचा भेद दिसतो. तूप उष्णतेने वितळते आणि साखर पाण्यात विरघळते, हा अर्थभेदही चुलीपाशीच पक्का होतो.

५. पुस्तकाची निवड आणि दक्षता

खाद्यपदार्थ कथेत नुसता उल्लेखापुरता नसावा. त्याच्यामुळे काही घडावे. वाक्यांची पुनरावृत्ती असल्यास मूल लवकर सहभागी होते. एरिक कार्ल यांच्या १९६९ मधील प्रसिद्ध पुस्तकातला भुकेला सुरवंट सोमवारी एक फळ, मंगळवारी दोन, असा खात जातो. त्यातील फळे आपल्याकडची नसली तरी वार आणि संख्या आपल्याच आहेत. एक केळे, दोन चिकू, तीन बोरे घेऊन हीच कथा विस्तवाविना ताटात मांडता येते. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या मालिकेसारखी, घरातील माणसांभोवती फिरणारी मराठी चित्रपुस्तकेही उपयोगी पडतात. विकत घेणे शक्य नसल्यास प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठी पुस्तके मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात.

सुरी, किसणी, विस्तव आणि गरम तेल यांपासून मुलाला दूर ठेवावे. अख्खे शेंगदाणे, बिया किंवा गोल फळे घशात अडकू शकतात; बोरातील बी आधी काढावी. कोणाला कशाची अॅलर्जी आहे का, हे आधी विचारावे. मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखी कामे द्यावीत. कोणाच्याही घरच्या अन्नाला नाके मुरडली जाणार नाहीत, याकडे बालवाडीत विशेष लक्ष द्यावे; ज्याच्या जेवणाला हसले जाते, ते मूल आपली भाषाही मिटून घेते.

सारांश

चित्रपुस्तक मुलाला शब्द दाखवते, पाककृती तो शब्द अनुभवायला देते आणि कथनातून तो मुलाचा स्वतःचा होतो. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक गोष्ट, थोडा वेळ आणि घरात बोलली जाणारी मराठी पुरेशी आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न व उपक्रम

१. आपल्या घरात एका दिवसात वापरली जाणारी स्वयंपाकाची क्रियापदे लिहून काढा. त्यांपैकी घरातील लहान मुलाला किती ठाऊक आहेत, ते पाहा.
२. 'लाटणे' व 'थापणे', 'वितळणे' व 'विरघळणे' यांतील अर्थभेद उदाहरणांसह स्पष्ट करा.
३. एखादे चित्रपुस्तक निवडून त्याला जोडता येईल अशी, विस्तवाविना होणारी पाककृती तयार करा. मुलाने केलेले कथन त्याच्याच शब्दांत, दुरुस्ती न करता नोंदवा.