गाडी पुढे गेली, तर अ‍ॅप मागे राहतं का?



मासळीच्या गाडीत कॅमेरा बसवा, बोटीवर ट्रॅकिंगचं यंत्र घ्या, असं सांगणारी माणसं हल्ली आपल्या सभासदांना भेटताहेत. त्यांच्या बोलण्यात "एज सर्व्हर" हा शब्द हमखास येतो. "तुमची गाडी जिथं, तुमचं अ‍ॅप तिथं," असंही ते सांगतात. हे नक्की काय, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आज त्याबद्दल.

आपण मोबाईलवर जे अ‍ॅप चालवतो, त्याचं बरंचसं काम मोबाईलमध्ये होतच नाही. ते लांब कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालतं. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली आणि गुगलने २०१७ साली अशी सोय मुंबईत सुरू केली. हुबळीहून मुंबई रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या वर. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे तिथवर जायला तीनेक मिलिसेकंद. हे काहीच नाही. खरा उशीर होतो वाटेतल्या टप्प्यांवर. आणि कॅमेऱ्याचं चित्र सतत पाठवत राहिलं, तर लाईन भरून जाते ती वेगळीच.

म्हणून लहान सर्व्हर गावातच, टॉवरच्या जवळपास ठेवायचा. हाच एज सर्व्हर. आयआयटी मद्रासला शिकलेले प्रा. महादेव सत्यनारायणन यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात असताना, २००९ मध्ये, सहकाऱ्यांबरोबर अशा जवळच्या लहान सर्व्हरची कल्पना मांडली. आपल्याकडे रेल्वेच्या रेलटेल कंपनीने देशात १०२ ठिकाणी अशी छोटी केंद्रं उभारायची योजना जाहीर केली आहे.

आता अडचण अशी, की सर्व्हर गावात बसून राहतो आणि गाडी काही थांबत नाही. कारवारहून निघालेली मासळीची गाडी अंकोला, अरबैल घाट, यल्लापूर, कलघटगी करत हुबळीला येते. वाटेत मोबाईल एक टॉवर सोडून दुसरा धरतो, ते आपल्याला कळतही नाही. पण टॉवर बदलला म्हणजे फक्त लाईन बदलली. गाडीचं काम करणारा प्रोग्रॅम अजून मागेच आहे. समजा तो अंकोल्याच्या सर्व्हरवर चालू आहे. बर्फाच्या पेटीतलं तापमान कधी किती होतं, दार कुठं उघडलं, ड्रायव्हरला डुलकी लागली का, हे सगळं त्याच्या मेमरीत आहे. गाडी कलघटगीला पोचली तरी माहिती मागे अंकोल्यालाच जात राहिली, तर सर्व्हर जवळ ठेवून काय मिळवलं? आणि तो बंद करून हुबळीत नव्याने सुरू केला, तर आधीचं सगळं विसरला.

म्हणून चालू प्रोग्रॅम चालू असतानाच हलवतात. लिलाव चालू आहे आणि वही दुसऱ्या माणसाच्या हाती द्यायची आहे असं समजा. लिलाव न थांबवता एक जण वहीची नक्कल करायला बसतो. तेवढ्यात नव्या नोंदी पडतात, काही जुन्या बदलतात. मग फक्त तेवढ्याच उतरवायच्या. पुन्हा थोड्या पडतात, पुन्हा उतरवायच्या. शेवटी दोन-चार ओळी उरल्या की क्षणभर लिलाव थांबवायचा, त्या उतरवायच्या आणि नव्या वहीवर पुढे चालू करायचं. केंब्रिजच्या संशोधकांनी २००५ मध्ये अशाच रीतीने चालू गेमचा सर्व्हर एका मशीनवरून दुसऱ्यावर नेला. सहा जण खेळत होते आणि खेळ थांबला तो ६० मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

पण तिथं दोन्ही मशीन जवळजवळ होती, मधली लाईन वेगवान होती आणि साठवणूक सामाईक होती. दोन गावांच्या मध्ये घाट असला, लाईन बारीक असली, तर नक्कल पुरी होण्याआधीच गाडी पुढच्या गावात. यावर दुसरा उपाय आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. बोटुकली एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना आपण सगळं तळं उचलत नाही. पुढचं तळं आधी तयार ठेवतो आणि ऑक्सिजनच्या पिशवीत फक्त जिवंत माल नेतो. तसंच पुढच्या सर्व्हरवर अ‍ॅप आधीच चालू ठेवायचं आणि फक्त ताज्या नोंदी पाठवायच्या.

कधी कधी न हलवणंच शहाणपणाचं. मलप्रभेच्या पाणसाठ्यावर जाळं टाकणाऱ्यांनी पाहिलं असेल, मधोमध गेलं की मोबाईल कधी या काठाचा टॉवर धरतो, कधी त्या. दर वेळी अ‍ॅपही इकडून तिकडे नेलं, तर सगळा वेळ नेण्या-आणण्यातच जाईल. म्हणून चांगली व्यवस्था थोडी थांबते, बोट खरंच पलीकडे चालली आहे का ते बघते आणि मगच हलवते.

समुद्रावरच्या आपल्या पाहुण्यांसाठी मात्र हे कामाचं नाही. किनारा लांब गेला की टॉवरच नाही, मग टॉवरजवळचा सर्व्हर काय करणार? तिथं उपग्रहावर चालणारा ट्रान्सपॉन्डर हवा. इस्रोने तयार केलेले असे १ लाख ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्याने बोटींवर बसवायची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला सुरू झाली. कुणी खोल समुद्रासाठी "एज" विकत असेल, तर रेंज नसताना यंत्र काय करतं, ते आधी चालवून दाखवायला सांगा.

आणखी एक गोष्ट, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. वहीची नक्कल झाली की जुनी वही आपोआप जळत नाही. प्रोग्रॅम पाच गावांतून गेला, तर पाच ठिकाणी त्याच्या खुणा राहू शकतात. बोट कुठं थांबली, जाळं कुठं टाकलं, माल कुणाला किती दिला, हे सगळं त्यात असतं. मासळी लागणारी जागा आपण शेजारच्या बोटीलासुद्धा सांगत नाही. तेव्हा कागदावर सही करण्याआधी लेखी विचारा: मागच्या सर्व्हरवरची प्रत किती वेळात पुसली जाते, कोण पुसतं, आणि मधल्या गावात सर्व्हर नसेल तर नोंदी यंत्रातच साठून राहतात की जातात. फॉर्म इंग्रजीत असेल तर सोसायटीत घेऊन या, बसून वाचू.