मिलिमीटरभर कृमी आणि आपलं डाळिंब

जुळे सोलापुरात हातगाडीवर भगव्या डाळिंबांचा ढीग दिसला, की समजावं, माल सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडचा. आता त्या बागायतदारापुढे ‘सूत्रकृमी’ हा शब्द काढून बघा! मुळांवर गाठी आणणारा, उभं झाड पिवळं पाडणारा हा शत्रू. त्याला आवरायला बागेत झेंडू लावावा लागतो. पण याच सूत्रकृमींच्या गोतावळ्यातला एक लांबचा भाऊबंद जगभरच्या प्रयोगशाळांत लाडाकोडात वाढतो. नाव सी. एलिगन्स. म्हातारपण कसं येतं, पेशींमधली वीजघरं का थकतात, कंपवातात आणि स्मृतिभ्रंशात चेतापेशी कशा मरतात, हे तो शास्त्रज्ञांना शिकवतो. आणि या गोष्टीत आपलं डाळिंबही आहे. चला, एकेक गंमत बघू.

१. सगळेच जुळे!

हा कृमी बहुतेक वेळा स्वतःच आई आणि स्वतःच बाप. शुक्रपेशी आणि अंडपेशी एकाच शरीरात तयार होतात आणि साधारण ३०० पिल्लं जन्मतात. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालल्यामुळे एका ताटलीतले सगळे कृमी जनुकांनी हुबेहूब एकसारखे. जुळे सोलापूर हे नाव शोभावं अशी वस्ती! खरी गंमत पुढेच आहे. तीच जनुकं, तेच अन्न, तेच तापमान. तरी एखादा दहा-बारा दिवसांत जातो आणि त्याचं जुळं भावंड महिन्याच्या आसपास पोचतं. आयुष्याची दोरी एकट्या जनुकांच्या हातात नाही, हे इतक्या लख्खपणे दाखवणारे प्राणी थोडेच.

२. जन्म ते मरण, एका श्रावणात

अंड्यातून बाहेर पडून वयात यायला त्याला जेमतेम तीन दिवस लागतात. पुढे दोन-तीन आठवड्यांत म्हातारपण आणि शेवट. श्रावणातले सोमवार संपेपर्यंत एका कृमीचं अख्खं आयुष्य डोळ्यांसमोरून सरकतं. म्हातारपणाची लक्षणं ओळखीची आहेत: स्नायू सैल पडतात, चाल मंदावते, खाणं कमी होतं. कृमी जिवंत आहे की नाही, हे ठरवायची रीतही साधी. प्लॅटिनमच्या बारीक तारेने हळूच टोचायचं. हलला तर वहीत ‘जिवंत’. रोज एकेकाची अशी हजेरी घेत घेत दीर्घायुष्याचं विज्ञान उभं राहिलं आहे.

३. मोजून ९५९

लांबी एक मिलिमीटर आणि शरीर काचेसारखं पारदर्शक. प्रौढ कृमीच्या शरीरपेशी मोजून ९५९, त्यातल्या चेतापेशी ३०२. माणसाच्या मेंदूत याच चेतापेशी ८,६०० कोटींच्या घरात असतात! कृमीची कुठली चेतापेशी कुणाला जोडलेली आहे, याचा नकाशा १९८६ मध्येच छापून आला. प्रत्येक घराचा पत्ता आणि प्रत्येक गल्लीचं नाव ठाऊक असलेलं हे गाव. मग कुठल्या घरातला दिवा विझला, हे कळायला किती वेळ लागणार? सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये हा प्राणी अभ्यासाला निवडला तो याच साधेपणासाठी.

४. एक जनुक बिघडलं, आयुष्य दुप्पट झालं

१९९३ मध्ये अमेरिकेत सिंथिया केनियन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की ‘डॅफ-२’ नावाचं एक जनुक मंदावलं तर कृमी दुपटीहून अधिक जगतो, आणि तोही बराच काळ तरुणासारखा वळवळत. पुढे १९९७ मध्ये कळलं, की हे जनुक इन्सुलिनचा निरोप घेणारं प्रथिन बनवतं. इन्सुलिन हा शब्द आज आपल्या घराघरात ओळखीचा आहे. साखरेचा हिशोब आणि वयाचा हिशोब एकाच वहीत मांडलेला असतो, हे आपल्याला या चिमुकल्या जिवाने सांगितलं.

५. वीजघर थोडं मंद, आयुष्य थोडं लांब

शाळेत आपण तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, शिकलो. पेशीचं वीजघर. ही वीजघरं जोरात चालली तर आयुष्य वाढेल, असं कुणालाही वाटेल. २००२ मध्ये उलटंच दिसलं. कृमीच्या बालपणी त्यांचा जोर थोडा कमी केला, तर तो जास्त जगला. वयात आल्यावर तेच केलं, तर आयुष्यात वाढ झाली नाही. लहानपणी सोसलेला हलका ताण पेशींना काटक करतो, असा त्याचा अर्थ लावतात. ताण प्रमाणाबाहेर गेला की मात्र आयुष्य घटतंच.

६. बापाची वीजघरं पोटात जातात

माणसाप्रमाणेच कृमीलाही मायटोकॉन्ड्रिया मिळतात ते फक्त आईकडून. क्वचित एखाद्या नराशी मीलन झालं, तर शुक्रपेशीबरोबर बापाचे मायटोकॉन्ड्रियाही अंड्यात शिरतात. मग ते जातात कुठे? २०११ मध्ये जपान आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी हे कोडं कृमीतच सोडवलं. फलित अंडं त्यांना वेचून काढतं आणि पचवून टाकतं. नको असलेली वीजघरं मोडीत काढायची ही यंत्रणा लक्षात ठेवा. डाळिंबापाशी ती पुन्हा भेटणार आहे.

७. चेतापेशींची दिवाळीतली साफसफाई

कृमीला आपणहून कंपवात किंवा स्मृतिभ्रंश होत नाही. म्हणून संशोधक माणसाचं रोगकारक प्रथिन बनवणारं जनुक त्याच्या शरीरात घालतात. स्मृतिभ्रंशाशी जोडलेलं अमायलॉइड प्रथिन कृमीच्या स्नायूंत तयार होऊ लागलं, की तो हळूहळू लुळा पडतो. हे १९९५ पासून माहीत आहे. २०१७ मध्ये त्याहून विलक्षण दृश्य दिसलं. रटगर्स विद्यापीठात मोनिका ड्रिस्कॉल यांच्या चमूने पाहिलं, की ताणाखालची चेतापेशी गुठळ्या झालेली प्रथिनं आणि खराब मायटोकॉन्ड्रिया एका फुग्यात भरून चक्क स्वतःबाहेर फेकून देते. कचरा काढणाऱ्या पेशींचं काम पुढे बरं चालतं. ही सफाई थांबते तिथे आजाराला वाट मिळते का, हा आजचा मोठा प्रश्न आहे.

८. कुलाब्यातले कृमी

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा कृमीच्या चेतापेशींमधली मालवाहतूक बघते. चेतापेशी लांबलचक, तिच्या टोकापर्यंत माल पोचवायला रेणूंचे हमाल धावत असतात. वाहतूक अडली की टोक उपाशी. अडचण एकच, कृमी स्थिर बसत नाही! त्यावर उपाय म्हणून एका छोट्या चिपमध्ये मऊ पडद्याने त्याला हळुवार दाबून धरतात. भूल द्यावी लागत नाही. फोटो काढून झाला की मोकळा. असा एकच कृमी दिवसेंदिवस वाढताना पाहून या चमूने २०२१ मध्ये दाखवलं, की चेतापेशी लांबत जाते तसतशी तिच्यात नव्या मायटोकॉन्ड्रियांची भर पडते आणि त्यांची दाटी साधारण तेवढीच राहते. वस्ती वाढली की वीजही वाढवायची, हा शहाणपणा त्या पेशीत आहे.

९. आणि आता डाळिंब

२०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी कृमींना ‘युरोलिथिन ए’ नावाचं द्रव्य दिलं. कृमींचं आयुष्य ४५ टक्क्यांहून अधिक वाढलं! थकलेले मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढायचं काम या द्रव्याने जोमाने सुरू केलं होतं. उंदीरही जास्त वेळ पळू लागले. गंमत अशी, की हे द्रव्य डाळिंबात नसतंच. डाळिंबातली काही तुरट द्रव्यं आपल्या पोटात जातात आणि आतड्यातले जिवाणू त्यांचं युरोलिथिन करतात. तेही प्रत्येकाच्या पोटात होत नाही, कारण ज्याचे-त्याचे जिवाणू वेगळे. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही त्याच सुमाराला मिळालं. सोलापूरजवळच्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहेच.

१०. आकाशातून पडूनही जिवंत

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळलं आणि कल्पना चावला यांच्यासह सात जणांना आपण गमावलं. त्याच यानात या कृमींच्या डब्या होत्या. काही आठवड्यांनी त्या अवशेषांत सापडल्या, उघडल्या, तर आत कृमी जिवंत!

११. चार नोबेल

२००२, २००६, २००८ आणि २०२४. चारही वर्षांच्या नोबेल पारितोषिकांत या कृमीवरच्या कामाचा वाटा आहे. २००८ चं पारितोषिक जेलीफिशच्या हिरव्या चमकत्या प्रथिनासाठी होतं. मार्टिन चॅल्फी यांनी ते १९९४ मध्ये कृमीच्या चेतापेशींत उजळवून दाखवलं, आणि जिवंत शरीरातली एकेक पेशी डोळ्यांना दिसू लागली.

डाळिंब जरूर खा, पण औषध म्हणून नको. डाळिंब खाऊन माणसाचं आयुष्य वाढतं, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. कृमीला उपयोगी पडलेलं सगळंच माणसाला लागू पडत नाही. पण घरातल्या आजोबांचा चहाचा कप थरथरू लागतो, आजी नातवाचं नाव विसरते, तेव्हा आत काय घडतंय, हा प्रश्न आपला प्रत्येकाचा आहे. त्याचं उत्तर शोधण्यात हा मिलिमीटरभर जीव माणसाची फार मोठी सोबत करतो आहे.

जुळे सोलापुरातल्या शिक्षकांना आणि मुलांना एक सांगणं. कुजलेलं फळ किंवा बागेतली ओली माती थोड्या पाण्यात मिसळा, गाळा आणि त्या पाण्याचा एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. कुठला ना कुठला सूत्रकृमी वळवळताना दिसण्याची शक्यता भरपूर आहे. तो दिसला, की घाईने काच पुसू नका. थोडा वेळ बघत राहा.