पाय हलवण्याचीही नोंद ठेवणारा कर्नल

बसल्या बसल्या पाय हलवू नकोस, असं आपल्याकडे घरोघरी बजावलं जातं. जपानमध्येही ही सवय वाईटच समजतात. तिथल्या मेइवा डेंकी या कलावंतांच्या गटानं आणि कायाक या कंपनीनं या सवयीवरच एक छोटं उपकरण काढलं. त्याचं नाव युरेक्स. ते यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडायचं आणि पाय किती वेळा हलला हे मोजत बसायचं, एवढंच त्याचं काम. २०१० साली तोमोकी सेकियामा यांनी त्याच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला आणि तो मुख्य कर्नलमध्ये घेतला गेला. आज नांदेडच्या एखाद्या विद्यार्थिनीनं आपल्या लॅपटॉपवर डेबियन किंवा फेडोरा यांसारखं लिनक्सचं वितरण टाकलं, तर नेटवर्क कार्ड आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबरोबर युरेक्सचं मॉड्यूलही तिच्या डिस्कवर येऊन पडतं.

ते ज्या डिरेक्टरीत राहतं, तिची ही ओळख. लिनक्सच्या सोर्स कोडमध्ये 'ड्रायव्हर्स', त्यात 'यूएसबी' आणि त्यात 'मिस्क' (मिसलेनियस, म्हणजे संकीर्ण) अशी ती सापडते. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, वेबकॅम, प्रिंटर यांना यूएसबीच्या मानकात स्वतःचा वर्ग आहे. एका वर्गाला एक ड्रायव्हर पुरतो, मग उपकरण कुठल्याही कंपनीचं असो. ज्यांना असा वर्ग नाही, किंवा असूनही जी त्यात नीट बसत नाहीत, ती उपकरणं 'मिस्क'मध्ये येतात.

इथली वस्ती पाहण्यासारखी आहे. लेगो माइंडस्टॉर्म्सच्या आरसीएक्स या पिवळ्या विटेशी इन्फ्रारेड किरणांनी बोलणारा मनोरा इथे आहे. सीमेन्सचा आयडी माउस आहे. त्याच्या पाठीवर बोटाचा ठसा घेणारा सेन्सर होता, आणि ड्रायव्हर चालू असेल तर ठशाचं चित्र साध्या 'कॅट' आज्ञेनं फाइलीत उतरवता येतं. जर्मनीतल्या एलडी डिडॅक्टिक या कंपनीची, शाळा-कॉलेजांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागणारी मोजमापाची उपकरणं आहेत. ॲपलच्या सिनेमा डिस्प्लेचा उजेड कमी-जास्त करणारा ड्रायव्हर आहे. सायप्रेस कंपनीच्या चिपवर बनलेला थर्मामीटर आहे, सात रेघांत आकडे दाखवणारा डिस्प्ले आहे. आणि ट्रान्स व्हायब्रेटर आहे. २००१ साली जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर 'रेझ' हा खेळ आला. संगीताचा ठेका अंगाला जाणवावा म्हणून त्याच्याबरोबर थरथरणारं एक वेगळं उपकरण काढलं होतं. सॅम होसेव्हार यांनी लिहिलेला त्याचा ड्रायव्हर शंभर-दीडशे ओळींचा आहे. सिस्टिमनं दाखवलेल्या 'स्पीड' नावाच्या फाइलीत ० ते २५५ मधला आकडा लिहायचा, मोटर त्या वेगानं फिरू लागते. ड्रायव्हर म्हणजे काय हे शिकायला आलेल्या मुलांना मी सगळ्यात आधी हीच फाइल उघडायला सांगेन. तिच्यात काही लपलेलं नाही.

कर्नल स्वतः बांधायला घेणाऱ्याची या वस्तीशी गाठ कॉन्फिगरेशनच्या पडद्यावर पडते. 'मेक मेन्यूकॉन्फिग' म्हटलं की डिव्हाइस ड्रायव्हर्सच्या पोटात यूएसबी सपोर्ट आणि त्यात पुढे मिसलेनियस ड्रायव्हर्सची यादी येते. २००२ साली रोमान झिपेल यांनी लिहिलेली केकॉन्फिग ही व्यवस्था आजही तेच काम करते. प्रत्येक ओळीला तीनच उत्तरं चालतात. वाय म्हटलं तर ड्रायव्हर कर्नलच्या गाभ्यातच जातो. एम म्हटलं तर वेगळं मॉड्यूल बनतं आणि गरज पडेल तेव्हा चढतं. एन म्हटलं तर तो बांधलाच जात नाही. प्रत्येक पर्यायाला मदतीचा मजकूर आहे आणि तो लोक वाचत नाहीत, हे मला फार खटकतं. युरेक्सच्या मजकुरात हा पाय हलण्याचा सेन्सर आहे असं स्पष्ट लिहिलंय, कुठल्या डिव्हाइस फाइलीतून आकडा वाचता येईल तेही दिलंय. निर्णय घ्यायला लागणारी माहिती बहुतेक वेळा त्या तीन-चार ओळींत असते.

या यादीत सगळ्याला एम म्हणून ठेवलं तर काम कसं चालतं, ते बघण्यासारखं आहे. उपकरण पोर्टमध्ये खोचलं की हब कर्नलला कळवतो. कर्नल उपकरणाला पत्ता देतो आणि त्याच्याकडून १८ बाइटचं एक वर्णन मागून घेतो. त्यात उत्पादकाचा दोन बाइटचा क्रमांक असतो, वस्तूचा दोन बाइटचा क्रमांक असतो. लेगोच्या मनोऱ्याचे हे क्रमांक सोळाच्या पायावरच्या अंकांत ०६९४ आणि ०००१. प्रत्येक ड्रायव्हरच्या फाइलीत, आपण कुठले क्रमांक सांभाळतो याचा तक्ता असतो. मॉड्यूलं डिस्कवर बसवली जाताना हे सगळे तक्ते एकत्र करून एक मोठी यादी तयार होते. कर्नलनं नव्या उपकरणाची वर्दी दिली की यूडेव्ह ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा त्या यादीतून मॉड्यूल शोधते आणि चढवते. वापरणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. लेगोचा मनोरा ज्याच्याकडे नाही, त्याच्या मेमरीत ते मॉड्यूल कधी येतही नाही. डिस्कवर थोडी जागा अडते, इतकंच. वितरणं तयार करणारे म्हणूनच या यादीतल्या बहुतेक ओळींना एम देतात, आणि ते मला योग्य वाटतं. कोणाच्या कपाटात काय आहे, ते त्यांना कसं कळणार?

स्वतःच्या मशीनपुरता आटोपशीर कर्नल बांधू पाहणाऱ्यांची अडचण इथेच होते. स्टीव्हन रोस्टेड यांनी आणलेली 'लोकलमॉडकॉन्फिग' ही सोय आत्ता चढलेली मॉड्यूलं बघते आणि न चढलेली एम मॉड्यूलं काढून टाकते. बांधणीचा वेळ त्यानं पुष्कळ वाचतो. पण फडताळात ठेवलेलं उपकरण तिला दिसत नाही. 'मिस्क'मधली उपकरणं तर वर्षातून एखाद-दोनदाच बाहेर निघणारी. म्हणून ही आज्ञा देण्याआधी घरातलं प्रत्येक यूएसबी उपकरण एकदा जोडून घ्यावं. नाहीतर नवा कर्नल सुरू झाल्यावर प्रयोगशाळेतलं मापक मुकं होतं आणि कारण पटकन लक्षात येत नाही.

काही रहिवासी आणखी निराळे आहेत. जुन्या मॅकबुकमधला आयसाइट कॅमेरा चालू होताना कॅमेरा नसतोच. त्याच्या आत फर्मवेअर साठवलेलं नाही. दर वेळी कॉम्प्युटरनं ते पाठवायचं. मॅथ्यू गॅरेट यांनी २००८ साली लिहिलेला ड्रायव्हर फर्मवेअर पाठवतो आणि बाजूला होतो. मग उपकरण यूएसबीच्या बसवरून नाहीसं होऊन वेगळ्या क्रमांकानं पुन्हा उगवतं, आणि नेहमीच्या वेबकॅमचा ड्रायव्हर त्याचा ताबा घेतो. फर्मवेअर मात्र ॲपलचं. ते कर्नलबरोबर वाटता येत नाही, मॅकच्या सिस्टिममधूनच काढून घ्यावं लागतं. म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये एम लिहिलं तरी काम अर्धंच होतं.

कोड मर्सेनरीज या जर्मन कंपनीच्या आयओ-वॉरियर चिपची अडचण उलटी. ती स्वतःची ओळख कीबोर्ड-माउसच्या वर्गातली म्हणून देते, त्यामुळे तो वर्ग सांभाळणारा ड्रायव्हर तिला आधीच धरून ठेवेल. हे टाळायला त्या ड्रायव्हरच्या कोडमध्ये, 'यांना हात लावू नकोस' अशी यादी ठेवली आहे, आणि आयओ-वॉरियर तिच्यात आहे. एलडी डिडॅक्टिकची उपकरणंही आहेत. एका डिरेक्टरीतल्या ड्रायव्हरला जागा मिळावी म्हणून दुसऱ्या डिरेक्टरीनं नियम बदलायचा, हे या कर्नलमध्ये सहज घडतं.

ड्रायव्हर एकदा मुख्य कर्नलमध्ये आला की सगळ्या समूहाची जबाबदारी होतो, आणि 'मिस्क'चं मोल मला तिथेच दिसतं. लिनक्सचे अंतर्गत इंटरफेस कायमचे नसतात. ते बदलतात, आणि बदलणाऱ्यानं ते वापरणारा सगळा कोड स्वतः दुरुस्त करायचा असा दंडक आहे. उदाहरणार्थ, पूर्वी सगळ्या कर्नलला मिळून, एका वेळी एकालाच आत सोडणारं, एक मोठं कुलूप होतं. अनेक जणांनी वर्षानुवर्षं खपून २०११ साली, २.६.३९ या आवृत्तीत, ते कायमचं काढलं. त्या कामात आर्ंड बर्गमन यांनी असंख्य ड्रायव्हरमध्ये मोठ्या कुलपाच्या जागी ड्रायव्हरपुरतं छोटं कुलूप बसवलं. आयओ-वॉरियरचा ड्रायव्हरही त्यात होता. ती चिप वापरणाऱ्या कुणालाही त्यासाठी काही करावं लागलं नाही. कंपनीनं सीडीवर दिलेला ड्रायव्हर दोन-तीन वर्षांत निकामी होतो, हे ज्यानं अनुभवलं आहे, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण सांभाळायचं म्हणजे जोखीमही पत्करायची, आणि ती इथे खरी आहे. युरेक्सच्या ड्रायव्हरमध्ये मोजणीचा आकडा वाचणाऱ्या फंक्शनात हद्दीची तपासणी चुकलेली होती. वाचणाऱ्यानं सोयीची जागा सांगितली तर छोट्याशा बफरच्या बाहेरची मेमरी हाताशी येत असे, आणि त्यातून मशीन कोसळवता किंवा कदाचित जास्तीचे अधिकारही मिळवता येत. २०१८ साली यान हॉर्न यांनी ती चूक शोधून दुरुस्त केली. लेगोच्या मनोऱ्याच्या ड्रायव्हरमध्येही तसंच काही निघालं होतं: मुद्दाम तयार केलेलं उपकरण खोचून अधिकार मिळवायची वाट. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. खरा मनोरा जगात किती उरला आहे, याचा या धोक्याशी काही संबंध नाही. मघाचे दोन क्रमांक कोणतंही उपकरण सांगू शकतं, आणि सांगितलं की मॉड्यूल आपसूक चढतं. जी सोय, तीच फट.

गूगलमध्ये आंद्रे कोनोवालोव्ह यांनी २०१७ पासून सिझकॉलर या स्वयंचलित चाचणी-साधनाला यूएसबीकडे वळवलं. ते खोटी उपकरणं उभी करतं, वाकडीतिकडी वर्णनं पाठवतं, मध्येच उपकरण काढून घेतं. २०१९ साली 'मिस्क'मधले एकामागून एक ड्रायव्हर त्यात सापडले. बहुतेकांची खोट एकच होती. फाइल उघडी असताना उपकरण उपटलं तर मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जायची. ॲलन स्टर्न, ऑलिव्हर न्यूकम, योहान होवोल्ड यांनी ते एकेक करून नीट केले. कुणी वापरतं का हे विचारत न बसता केलेलं ते काम मला फार मोठं वाटतं.

एका ड्रायव्हरला मात्र त्याच वर्षी निरोप मिळाला. डायमंडचा रिओ ५०० हा १९९९ चा एमपी३ प्लेअर, ६४ एमबी मेमरीचा. बास्तियन नोसेरा यांनी त्याचा ड्रायव्हर काढून टाकला. कारण रिओवाल्यांची साधनं २००१ च्या सुमारासच कर्नलबाहेरून, आधी यूएसबीडेव्हएफएस आणि मग लिबयूएसबीमार्फत, उपकरणाशी बोलू लागली होती. कर्नलमधला कोड तेव्हापासून बिनवापराचा. फिजेट कंपनीच्या उपकरणांचे ड्रायव्हर असेच पूर्वी गेले होते. नव्यानं कुणी असं उपकरण बनवत असेल, तर बहुतेक वेळा त्यानं लिबयूएसबीचाच रस्ता धरावा. तिथली चूक एका प्रोग्रॅमपुरती राहते, सगळं मशीन घेऊन बसत नाही. कर्नलमध्ये येण्याला कारण हवं. कीथ पॅकार्ड यांच्या केऑसकीकडे ते आहे. ट्रान्झिस्टरच्या उलट्या जोडणीत उठणारा विजेचा गोंधळ मोजून ती यादृच्छिक अंक देते, आणि हे अंक कर्नलच्याच साठ्यात जायला हवे असतात.

आपल्या मशीनवर काय करावं? घरच्या लॅपटॉपवर वितरणानं दिलेलं कॉन्फिगरेशन तसंच राहू द्यावं आणि कर्नल अद्ययावत ठेवावा. सायबर कॅफे, बँकेचा काउंटर, कॉलेजची लॅब, म्हणजे जिथे पोर्टपर्यंत कुणाचाही हात पोचतो, तिथे न लागणारी मॉड्यूलं, ती चढवणाऱ्या मॉडप्रोब या आज्ञेच्या कॉन्फिगरेशनमध्ये रोखावीत. यूएसबीगार्डसारखं साधन ठेवावं, म्हणजे ओळखीच्या उपकरणांनाच प्रवेश मिळतो. स्वतःच कर्नल बांधत असाल तर या यादीत सरळ एन म्हणावं, आपल्याकडे आहे तेवढ्याला एम. यूएसबीटेस्ट या ओळीशी मात्र थांबून विचार करावा. डेव्हिड ब्राउनेल यांनी लिहिलेला हा ड्रायव्हर कुठल्याच ग्राहक-उपकरणासाठी नाही. यूएसबीचे कंट्रोलर आणि त्यांचे ड्रायव्हर तपासणाऱ्यांचं ते हत्यार आहे. ब्राउनेल २०११ साली गेले. यूएसबी कंट्रोलरवर काम करणारे आजही तेच चालवतात.

'मिस्क'मध्ये अलीकडे येणारे रहिवासी बदलले आहेत. छंदाच्या वस्तूंऐवजी आता बोर्डावरच डाख दिलेल्या हबचे ड्रायव्हर येतात. अशा हबला वीज मिळाल्याशिवाय तो बसवर दिसत नाही, आणि दिसला नाही तर क्रमांक जुळवून ड्रायव्हर चढवण्याची नेहमीची रीत लागू पडत नाही. म्हणून त्याची माहिती आधीच डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाच्या वर्णनात, लिहून ठेवतात. ती वाचून २०२२ साली आलेला ऑनबोर्ड हबचा ड्रायव्हर वीज चालू करतो, आणि मग हब सापडतो. छोट्या बोर्डावर लिनक्स बसवणाऱ्यांनी ही ओळ नजरेआड करू नये. सिस्टिमची डिस्कच अशा हबच्या मागे असेल, हबची वीज कर्नलच्या हाती असेल आणि ड्रायव्हरला एम दिलेलं असेल, तर ते मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे सुरू होतानाच मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसंचात, घालावंच लागतं. नाहीतर मॉड्यूल डिस्कवर आणि डिस्क बंद हबच्या पलीकडे, अशी स्थिती होते. तिथे वाय म्हणावं.